खालून कापलेली बातमी

४ तारीख, सोमवार

आज धाकट्याचा फोन आला. काम असल्याशिवाय माझा भाऊ फोन करत नाही, आणि काम असलं तरी आधी दहा मिनिटं माझी टिंगल करतो. आज टिंगल तीनच मिनिटांत संपली, तेव्हाच ओळखलं की कुठेतरी घोडं अडलंय.

अडलंय ते असं. तो वजनकाटे दुरुस्त करतो. त्याचा परवाना दरवर्षी वजनमापे कार्यालयातून नवा करून घ्यावा लागतो. स्वतः जायचं, आपली तपासणीची वजनं सोबत न्यायची आणि अधिकाऱ्यासमोर ती तोलून दाखवायची. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट सात महिने बंद. धाकटा सव्वीस वर्षं चाकाच्या खुर्चीत आहे. "लिफ्ट दुरुस्त करा, नाहीतर खाली येऊन वजनं तपासा" असे तीन अर्ज त्याने दिले. एकाचंही उत्तर नाही. परवाना तीस तारखेला संपतो. मग दुकान बंद.

"ताई, तुझ्या पेपरात चार ओळी टाक," म्हणाला. "लिफ्ट बंद आहे, एवढंच."

चार ओळी! चोवीस वर्षं तिसरं पान लावतेय मी. ऑफिसात मला मथळेबाई म्हणतात ते काही उगाच नाही. म्हटलं, "तू गप्प बस. मी बघते काय करायचं ते."

६ तारीख, बुधवार

कवीला धाकट्याच्या दुकानात पाठवलं. कवी म्हणजे आमचा नवा वार्ताहर. पाणीकपातीची बातमी लिहितानाही त्याला नदीची व्यथा दिसते, म्हणून हे नाव. दोन तासांनी परतला तो डोळे पुसतच. "काय माणूस आहे हो तुमचा भाऊ!" मला बरं वाटलं.

संध्याकाळी धाकट्याचा फोन. "लिफ्टचं मी पाऊण तास सांगितलं. अर्जांच्या प्रती दिल्या. तो मात्र एकच विचारत होता, अपघात झाला त्या दिवशी मला काय वाटलं."

"अरे, वाचकांना तेच हवं असतं," मी म्हटलं.

"मला काय हवंय ते लक्षात आहे ना?"

आहे रे बाबा. याला जरा दम धरवत नाही.

९ तारीख, शनिवार

पान झकास झालं. अर्धं पान दिलं धाकट्याला! दुकानातला फोटो इतका छान आलाय की संपादकांनी स्वतः सांगितलं, मोठा लावा. मथळा मीच दिला: "पाय थांबले, पण पंख फुटले!" कवीने टाळी मागितली. "नियतीचा घाला", "खुर्चीला खिळलेलं आयुष्य", "त्यागमूर्ती पत्नी", सगळं कसं जिथल्या तिथे बसलंय.

फोटो वाढला तसा मजकूर उतू जायला लागला. मग नेहमीप्रमाणे खालून कापला. आमच्या धंद्यातला पहिला धडा तो. महत्त्वाचं वर लिहायचं, म्हणजे जागा कमी पडली की डोळे मिटून खालून कापता येतं. दोन परिच्छेद गेले. वाचायलाही लागले नाहीत.

१० तारीख, रविवार

सकाळपासून फोन. आठवीतल्या बाईंचासुद्धा आला! धाकट्याला मीच फोन केला.

"वाचलंस?"

"वाचलं."

"कसं वाटलं?"

"फोटो बरा आलाय," म्हणाला आणि फोन भावजयीकडे दिला. ती दवाखान्यात औषधं देण्याचं काम करते, जिभेने चांगलीच तिखट आहे. "वन्सं, त्यागमूर्ती कोण? मी? काल रात्री टीव्हीच्या रिमोटवरून यांच्याशी भांडले, तेवढं घालायचं राहिलं का?" खूप हसले. लाजतात दोघं. कौतुकाची सवय नाही ना.

१२ तारीख, मंगळवार

सुट्टी होती म्हणून दुकानात गेले. काउंटरवर कुणीतरी फळांची पिशवी ठेवून गेलेलं. मी असतानाच एक बाई शाळकरी मुलीला घेऊन आली. तिने धाकट्याकडे बोट दाखवलं. "बघ. यांच्याकडे बघ, आणि तुला सगळं धड असून अभ्यास होत नाही!" मुलगी रडवेली झाली. धाकट्याने तिला जवळ बोलावून विचारलं, "काय येत नाही?" "अपूर्णांक," ती म्हणाली. "मलाही नव्हते येत," तो म्हणाला. बाई जरा नाराज होऊन गेली.

धान्याच्या ठोक व्यापाऱ्याने त्याचा पोत्यांचा मोठा काटा दुरुस्तीआधीच परत नेला म्हणे. "तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं, तुम्हाला एवढं अवजड काम सांगायला जीव होत नाही," असं म्हणाला. लोकांत अजून माणुसकी आहे म्हणायची. काटा होता तिथे फरशीचा एक स्वच्छ चौकोन उरलाय. धाकटा सारखा तिकडेच बघत होता. मी त्याची खुर्ची वळवून दाराशी आणली. जरा वारा लागला की माणसाला बरं वाटतं.

१५ तारीख, शुक्रवार

जिंकलो! वजनमापे कार्यालयाच्या मोठ्या साहेबांचा फोन, थेट मला. लेख वाचून भारावलेत. अठ्ठावीस तारखेला कार्यालयाच्या सभागृहात धाकट्याचा सत्कार आहे. मानपत्र देणार, भाषणं होणार. आणि त्याच वेळी परवानाही हातोहात नवा करून देणार. सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे, पण साहेब म्हणाले, "काळजीच नको, आमचे चार शिपाई त्यांना खुर्चीसकट अलगद वर आणतील."

मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. चार ओळींनी हे झालं असतं का?

१६ तारीख, शनिवार

भांडण झालं. सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी माझ्या सोयीने आठवेन.

मी सत्काराचं सांगितलं. तो हातातला पेचकस पुसत राहिला. मग म्हणाला, "तू हो म्हणालीस?"

"म्हणजे काय! अरे, तीस तारखेच्या आत काम होतंय."

"मला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय?"

"सव्वीस वर्षांत विचारलं नाहीस, आत्ता तरी कशाला विचारशील? लिफ्ट बंद आहे अशी माझी तक्रार. ती बंदच ठेवून मला गोणीसारखा वर नेणार आणि वर टाळ्या वाजवणार. आणि तुला ती जीत वाटते."

"तुझ्या भल्यासाठीच..."

"ताई, चढवायला चार जण मिळतात. उतरवताना एकही नसतो. तुला माहीत आहे."

माहीत आहे. त्याची परीक्षा तिसऱ्या मजल्यावर होती. वर्गातल्या मुलांनी हौसेने त्याला वर नेलं आणि पेपर संपल्यावर सगळे निघून गेले. उतरवायची सोय मी करणार होते. माझा नोकरीतला पहिलाच आठवडा होता आणि मी विसरले. संध्याकाळी सहापर्यंत तो एकटा त्या वर्गात बसून होता. चोवीस वर्षांत या विषयावर आम्ही बोललो नव्हतो.

मी चपला घातल्या आणि निघून आले. करायला गेले एक आणि ऐकावं लागलं हे. संतापले आहे.

१९ तारीख, मंगळवार

तो फोन उचलत नाही. भावजय ऑफिसात येऊन एक पाकीट देऊन गेली. आत आमच्या लेखाचं कात्रण होतं. त्याने पेन्सिलीने काही खोडलं नव्हतं, खुणा केल्या नव्हत्या. खाली फक्त बारीक अक्षरात लिहिलं होतं: "सगळं तीन वेळा वाचलं. लिफ्ट सापडली नाही."

मी लेख पहिल्यापासून वाचला. नव्हतीच. कवीकडे मूळ मजकूर मागितला. शेवटचे दोन परिच्छेद: लिफ्ट किती दिवस बंद, अर्ज कधी दिले, परवाना केव्हा संपतो. कवीने ते शेवटी लिहिलं होतं, आणि मी डोळे मिटून खालून कापलं होतं.

त्याने चार ओळी मागितल्या होत्या. मी अर्धं पान दिलं आणि तेवढ्या चारच ओळी वगळल्या. मला माझी लाज वाटते.

२१ तारीख, गुरुवार

आज कात्रणांच्या खोलीत बसले. सांभाळणाऱ्या काकांना म्हटलं, आंधळे, बहिरे, लुळे, पांगळे, ज्यांच्याविषयी आपण काही छापलं ते सगळं काढा. त्यांनी चार फाइली पुढ्यात टाकल्या. "धूळ तुझी तू झटक."

मथळे वाचत गेले. बरेचसे माझेच. "दैवाने दिली शिक्षा", "अंधारातून प्रकाशाकडे", "शब्दांविना संवाद", "व्यंगावर मात". एकतर बिचारे, नाहीतर वीर. एका बाईंना दिसत नव्हतं, त्या बावीस वर्षं टेलिफोनवर काम करत होत्या. आमच्या बातमीत त्यांच्या कामाबद्दल एक वाक्य आणि त्यांच्या डोळ्यांबद्दल अकरा. एका शिक्षकाला ऐकू येत नव्हतं, तर आम्ही त्याच्या आईला विचारून लेख केला. त्याला लिहून विचारता आलं असतं, तो शिक्षक होता!

सगळ्यांत जास्त टोचलं ते वेगळंच. चार फाइलींत एकाही माणसाला काही हवं नाही. कुणी रस्ता मागत नाही, बस मागत नाही, बढती मागत नाही. नुसते लढतात आणि हसतात. चोवीस वर्षांत कुणी काहीच मागितलं नसेल? का त्यांचं मागणं दर वेळी शेवटच्या परिच्छेदात होतं?

२२ तारीख, शुक्रवार

संपादकांकडे गेले. म्हटलं, दुरुस्ती छापायची आहे.

"नाव चुकलं?"

"नाही."

"वय? दुकानाचा पत्ता?"

"सगळं बरोबर आहे."

"मग दुरुस्ती कसली? आपल्याकडे शेकड्याने पत्रं आली कौतुकाची."

"ज्या कामासाठी तो आपल्याशी बोलला तेच आपण छापलं नाही."

"ते कापलं कुणी?"

"मी."

"झालं तर. आपलेच दात, आपलेच ओठ. सोडून दे."

सोडणार नाही म्हटलं, आणि फाइलींतल्या मथळ्यांचे शब्दही वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी त्यांच्याशी अशी कधी बोलले नव्हते. शेवटी म्हणाले, "दुरुस्ती मिळणार नाही. बातमी आण. बातमी असेल तर पहिल्या पानावर लावतो. आणि ते शब्दांचं म्हणतेस, तर कोणते वापरायचे नाहीत याची यादी करून भिंतीवर लाव."

यादी करायला बसले. सत्तावीस शब्द झाले. छान झालीय यादी.

२५ तारीख, सोमवार

दुकानात गेले. दारातच म्हटलं, "चुकले. शेवटचे परिच्छेद मीच कापले. आणि त्या परीक्षेच्या वेळीही चुकले होते."

त्याने स्टूल पुढे सरकवलं. मी बसले आणि रडले, मग भावजयीने चहा दिला तो प्यायले.

यादी दाखवली. त्याने वाचली. "'खिळलेला' काढलंस ते बरं केलंस. या खुर्चीत मी हिंडतो. ही नसेल तर खिळलेला. पण नुसत्या यादीने काय होतंय? गोड शब्द घालून पुन्हा लिफ्ट कापशील. मला काहीही म्हण, पण आधी मी काय म्हणतोय ते छाप."

मग त्याने त्याचा बेत सांगितला. अठ्ठावीसला तो जाणार, पण वर नाही. खाली, बंद लिफ्टच्या दारात बसणार. वजनं, काटा आणि अर्ज घेऊन. परवाना तिथेच मागणार.

"नाही दिला तर?"

"तर तीस तारखेला दुकान बंद. मग तेही छाप."

"मी साहेबांशी बोलून ठेवू का आधी?" तोंडातून गेलंच. त्याने नुसतं बघितलं.

"तू ये," म्हणाला. "वही घेऊन ये. पण बोलायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही."

मला! शाळेत वर्गाबाहेर उभं केलं तरी मी बाहेरून उत्तरं द्यायचे. पण कबूल केलं.

२८ तारीख, गुरुवार

कवीला घेऊन दहाला पोचले. धाकटा आधीच लिफ्टच्या दारात. दारावरची "लिफ्ट बंद आहे" ही पाटी उन्हाने पिवळी पडलीय. मांडीवर फळी, फळीवर छोटा काटा, शेजारी वजनांची पेटी. भावजय अर्धा दिवस रजा टाकून आलेली.

साडेदहाला साहेब हातात फुलांचा गुच्छ घेऊन जिना उतरले. मागे चार शिपाई, बाह्या सरसावून. "वा वा! चला, उचला रे यांना."

"हात लावू नका," धाकटा म्हणाला. आवाज चढवला नाही. शिपाई थांबले.

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, सांगा ना यांना. वर लोक खोळंबलेत."

मी पेनने धाकट्याकडे दाखवलं.

"सत्काराचं नंतर बघू," तो म्हणाला. "माझा परवाना परवा संपतोय. तपासणी इथे करा."

"अहो, तपासणी वरच होते. नियम आहे."

"नियमात 'अधिकाऱ्यासमोर' असं लिहिलंय. मजला लिहिलेला नाही. तुम्ही माझ्यासमोर आहात."

साहेब पुन्हा माझ्याकडे बघायला लागले. मी वहीत बघितलं. जीभ नुसती वळवळत होती. काटे घेऊन आलेले दोन दुकानदार थांबले. काठी टेकत आलेले एक आजोबा पायरीवर टेकले आणि म्हणाले, "मी दोनदा अर्ध्यातून परत गेलोय." तेवढ्यात वरून नोंदवही सांभाळणाऱ्या बाई कठडा धरत खाली आल्या, बगलेत वही आणि हातात शिक्का. साहेबांनी बोलावलं नव्हतं. "सात महिने माझे गुडघे या जिन्यावर झिजतायत, साहेब. आज वहीच खाली आणली."

 साहेबांनी गुच्छ शिपायाच्या हातात दिला. एक खुर्ची आणायला लावली आणि धाकट्यासमोर बसले.

एकेक वजन पारड्यात जाऊ लागलं. किलो, अर्धा किलो. दोनशे ग्रॅमचं वजन ठेवलं तेव्हा काटा केसभर कलला. वापरून झिजलं होतं. साहेब मायेने म्हणाले, "असू दे, असू दे. तुमच्या बाबतीत चालवून घेऊ."

माझ्या मनात आलं, घे रे, घे ना. तीस तारीख परवावर आलीय!

"चालवून घेऊ नका," धाकटा म्हणाला. "कमी भरलंय तर कमी लिहा. दुसऱ्या कुणाचं असतं तर लिहिलं असतं ना?"

बाईंनी लिहिलं: दोनशे ग्रॅम, नापास. तो पुढे वाकला, पेटीच्या तळातून नवं वजन काढलं आणि पारड्यात ठेवलं. काटा मधोमध थांबला. पास. रोखलेला श्वास सगळ्यांनीच सोडला, साहेबांनीसुद्धा.

शिक्का बसला. धाकट्याने शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे लिहा, लिफ्ट बंद असल्याने तपासणी तळमजल्यावर." साहेबांनी पेन दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. मग लिहिलं आणि सही केली. कवीने त्या पानाचा फोटो काढला. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं आज, तो भराभर लिहीत होता.

साहेबांनी मानपत्राचं विचारलं तर धाकटा म्हणाला, "लिफ्टने वर येईन तेव्हा द्या."

मी एक शब्द बोलले नाही. दोनदा खोकले, पण ते खरंच घसा बसला होता म्हणून.

२९ तारीख, शुक्रवार

काल संध्याकाळी बातमी मी आणि कवीने मिळून लिहिली. पहिली ओळ: "वजनमापे कार्यालयाची लिफ्ट सात महिने बंद असून, परवान्यासाठी येणाऱ्यांना दोन जिने चढावे लागत आहेत." मग अर्जांच्या तारखा. मग नोंदवहीतला शेरा, साहेबांच्या सहीसकट. मग आजोबा, मग बाईंचे गुडघे, त्यांना विचारून. धाकट्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत. संपादकांनी वाचली, "पहिलं पान" एवढंच म्हणाले.

आठ वाजता जाहिरात आली आणि नऊ ओळी जास्त झाल्या. पान लावणाऱ्याने माझ्याकडे बघितलं. म्हटलं, काप, खालून. मानपत्र गेलं. फुलांचा गुच्छ गेला. धाकट्याचा अपघात कसा झाला ते गेलं. लिफ्टपर्यंत पोचायला पान लावणाऱ्याला अख्खी बातमी कापावी लागली असती.

सकाळी फोन आला. "यात मी सहाव्या ओळीत आहे, ताई."

"हो. 'वजनकाटे दुरुस्त करणारे' म्हणून."

"बरं आहे," म्हणाला. मग दहा मिनिटं टिंगल केली. मी किती खोकले याची.

७ तारीख, शनिवार

लिफ्ट अजून बंद. परवा माणूस येऊन दार उघडून बघून गेला, सुटा भाग मागवलाय म्हणे. आठ महिने झाले. पुढची बातमी सोमवारी, लिफ्ट पुन्हा पहिल्या ओळीत. साहेबांना फोन लावायला घेतला होता, पण ठेवला. आधी धाकट्याला विचारायचं आहे.

म्हणून त्याला फोन केला, तर याचंच काहीतरी वेगळं चाललेलं. आवाज असा खुशीत की मला वाटलं लिफ्ट सुरू झाली.

"तो ठोक व्यापारी आला होता, ताई. पोत्यांचा काटा घेऊन. दुसऱ्याने पार बिघडवून ठेवलाय. मी म्हटलं चार दिवस लागतील, तर भडकला. दुकान चालवताय की झोपा काढताय म्हणाला. चांगलं पंधरा मिनिटं झापलं मला, सगळ्यांसमोर!"

"मग तू काय केलंस?"

"मी काय करणार? मीही झापलं," तो म्हणाला, आणि किती तरी वेळ हसत राहिला.